डावीकडच्या सीटला ब्रेक नसतो

(पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय. कन्याकुमारीच्या हॉटेलांबद्दलचं अख्खं पान गाळलंय, ते का ते पुढे कळेलच.)

"मावशी, नमस्कार. मी ठाण्याला राहते, वय ३१, लग्नाला चार वर्षं झाली. नवऱ्याला आणि मला दोघांनाही डिसेंबरच्या शेवटी नऊ दिवस सुट्टी मिळतेय आणि त्याने ठरवलंय की दक्षिणेचा अख्खा किनारा गाडीने करायचा. एक्सेल शीट केलीय. पहिला दिवस ठाणे ते मालवण, दुसरा गोकर्ण, तिसरा उडुपी, चौथा कोळिकोड, पाचवा कोची, सहावा कन्याकुमारी, आणि उरलेल्या तीन दिवसांत परत. चहाचे ब्रेकसुद्धा लिहिलेत, १५ मिनिटं. शीट मला शेअर केलीय, एडिट पण करता येते, पण मी त्यात काय लिहिणार, त्याने सगळं ठरवलेलंच असतं.

मला गाडी लागते, ही पहिली अडचण. दुसरी म्हणजे मी दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हिंग शिकले, लायसन्स आहे, पण तो चालवायला देत नाही. दिली तर बाजूला बसून पाय दाबत राहतो, जणू तिथे ब्रेक आहे, आणि 'गिअर, गिअर' करतो. एकदा सोसायटीच्या पिलरला दार घासलं होतं ते अजून काढतो. मागच्या वर्षी दापोलीला गेलो तेव्हा माणगावपासून महाडपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. शिवाय त्याची आत्या कुडाळला असते, तिचं म्हणणं मुक्काम आमच्याकडेच. मी काय करू? सरळ नाही म्हणू की विमानाने केरळ करू म्हणू? तो इतका खूश आहे की तोडायला जीव होत नाही. – डावीकडच्या सीटवरची, ठाणे"

अगं बाई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, तर ते पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "मुलगा चांगला आहे, चहाचे ब्रेक ठेवलेत." म्हणजे बघ, तुझ्या नवऱ्याच्या बाजूने एक मत पडलेलं आहे.

आधी हिशेब. पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत जो हायवे जातो, आपला मुंबई-गोवा म्हणजे पूर्वीचा १७ नंबर आणि आताचा ६६, तो साधारण १६०० किलोमीटर आहे. जाऊन-येऊन ३२०० झाले. नऊ दिवसांनी भाग, रोज साडेतीनशेच्या वर, आणि त्याच्या शीटप्रमाणे शेवटचे तीन दिवस तर रोज पाचशेच्या पुढे. हे आकडे समृद्धीवर ठीक आहेत, किनाऱ्यावर नाही. कोकणात त्या हायवेचं काम इतकी वर्षं चाललंय की पोरं शाळेतून कॉलेजात गेली, आणि केरळात तर एक गाव संपलं कधी आणि दुसरं सुरू झालं कधी तेच कळत नाही, सगळीकडे घरं, दुकानं, शाळा सुटलेली पोरं, बस. आणि मुख्य गंमत सांगू का, त्या हायवेवरून कोकणात तरी समुद्र दिसतच नाही. तो आतून जातो. तुम्ही नऊ दिवस किनारा किनारा म्हणत ट्रकच्या मागची पाटी वाचत जाल.

तर कन्याकुमारी कॅन्सल. विमानाने केरळ पण कॅन्सल, कारण ते तू पळवाट म्हणून लिहिलंयस, तुला केरळला जायचंय असं तुझ्या पत्रात एकदाही नाहीये.

माझं म्हणणं, दक्षिण किनारा म्हणजे आपल्याच कोकणाचा दक्षिण किनारा करा. रत्नागिरीपासून खाली तेरेखोलपर्यंत, सागरी महामार्गाने. नाव महामार्ग आहे, रस्ता बहुतेक ठिकाणी एका एसटीला पुरेल एवढा. त्याचा पूर्ण पल्ला रेवस ते रेडी असा आहे पण वरचा भाग पुढच्या वेळी, तिकडे आगरदांड्याला, वेसवीला, दाभोळला, जयगडला गाडी बोटीत चढवून खाड्या ओलांडत जायचं असतं, ती वेगळीच मजा आहे आणि तिला वेगळे चार दिवस लागतात. रत्नागिरी ते तेरेखोल एकूण अंतर अडीचशेच्या आतबाहेर. म्हणजे नवऱ्याने एका दिवसात लिहिलेत त्याहून कमी किलोमीटर आणि त्याला तुम्ही पाच-सहा दिवस लावायचेत. हे ऐकून तो आधी हसेल. हसू दे.

आता गाडी लागण्याचं, कारण मला वाटतं तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे आणि तू ती अडचण नंबर एक म्हणून लिहून पुढे निघून गेलीस. गाडी का लागते? कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग असतो तो सांगतो आपण हलतोय, डोळे फोनमध्ये किंवा डॅशबोर्डवर असतात ते सांगतात आपण बसलोय, आणि ह्या दोघांचं जुळलं नाही की पोट ढवळतं. पण कधी बघितलंस, गाडी चालवणाऱ्याला सहसा लागत नाही? कारण त्याला वळण यायच्या आधी माहीत असतं. मान आधीच वळते, अंग आधीच सावरतं. बाजूच्याला ते वळण अंगावर येऊन आदळतं.

आता हेच नवऱ्याच्या पायाला लाव. तू चालवतेस तेव्हा तो ब्रेक का दाबतो? तुला येत नाही म्हणून? थोडं तेही असेल, पिलर आहेच. पण जास्त करून ह्यामुळे की तू ब्रेक कधी मारणार ते तुला माहीत असतं आणि त्याला नसतं. म्हणजे तुला ज्या कारणाने मळमळतं त्याच कारणाने त्याचा पाय दाबला जातो. दोघांचा आजार एक आहे, फक्त तुझ्या वाट्याला पिशवी आली आणि त्याच्या वाट्याला बदनामी.

म्हणून औषधही एकच. चालवणाऱ्याने बोलत राहायचं. "पुढे सायकलवाला आहे, हळू करतेय." "उतार आहे, सेकंड टाकतेय." "एसटी दिसतेय, डावीकडे घेऊन थांबतेय." पहिले दहा किलोमीटर वेड्यासारखं वाटतं, आपण काय कॉमेंट्री करतोय असं, पण पाय दाबायचा थांबतो, मी सांगते ना, आमच्याकडे थांबलाय. आणि तो चालवत असताना त्यानेही बोलायचं, म्हणजे तुला वळण आधी कळेल. बाजूला बसलेल्याला एकच शब्द बोलायची परवानगी ठेवा: "एसटी". कोकणातल्या वळणावर तो शब्द कुणीही कधीही बोलावा.

गाडी लागणाऱ्या माणसाला गाडी चालवायला द्यावी, हे त्याला ह्याच शब्दांत सांग. भांडण म्हणून नको, आरोग्याचा प्रश्न म्हणून सांग, पुरुष लोक आरोग्याला घाबरतात. आणि एक, त्या उलटीच्या गोळीने झोप येते, ती घेतलीस तर त्या दिवशी स्टिअरिंग नको. गोळी किंवा गाडी, दोन्ही नाही.

वाटणी अशी करा की सकाळी निघाल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत तू, जेवणानंतर तो. सकाळी रस्ते रिकामे असतात. ठाण्यापासून रत्नागिरीपर्यंत हायवेवर त्यालाच चालवू दे, त्याचा तो किलोमीटरचा कंड तिथे भागेल. तुझा हात बसायला उत्तम जागा म्हणजे पावस सोडलं, पूर्णगडची खाडी ओलांडली की वरचा सडा. कोकणात नवीन असशील तर सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, डिसेंबरात वर नुसतं वाळलेलं पिवळं गवत, मध्येच आंब्याच्या कलमांची चिऱ्याची कुंपणं, आणि रस्ता सरळ. पिलर एकही नाही. तिथे चालव. मग रस्ता एकदम खाली खाडीत उतरतो, तिथे ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही, सेकंडमध्ये टाकून इंजिनावर उतरायचं, आणि समोरून चढाला गाडी येत असेल तर मान तिचा, आपण थांबायचं. डांबराची कडा आणि बाजूची लाल माती ह्यांच्यात कधी कधी चांगली वीतभर पायरी असते, एसटीला जागा देताना चाक एकदम खाली टाकू नको. पेट्रोल रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशा गावांतच भरून घ्या, पुढे बघू म्हणायचं नाही. आणि अंधार पडला की गाडी बंद. रस्त्यात गुरं बसलेली असतात, काळी.

गूगलबद्दल पण सांगून ठेवते, कारण तुझा नवरा नकाशावाला दिसतोय. आमचं लग्न झालं त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आम्ही सेकंडहँड मारुती ८०० घेऊन गेलो होतो, तेव्हा गूगल नव्हतं, ह्यांच्याकडे कागदाचा नकाशा होता. मालवणहून वेंगुर्ल्याला जायचं होतं. नकाशात तारकर्लीच्या खाली देवबाग दिसतं आणि त्याच्या अगदी नाकासमोर पलीकडचा भोगवे किनारा, मध्ये बोटभर सुद्धा जागा नाही. हे म्हणाले इथून शॉर्टकट आहे. मी म्हटलं कुणाला तरी विचारू, तर म्हणे विचारायचं काय त्यात, नकाशात दिसतंय. मी गप्प. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, एका बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी, गाव त्यातच बसलेलं. रस्ता बारीक होत गेला, मग वाळू लागली, मग एक म्हातारा जाळं विणत बसला होता तो गाडीकडे न बघताच म्हणाला, "फुडे रस्तो नाय, खाडी आसा."

पलीकडे भोगवे इतकं जवळ की तिथल्या बाईने वाळत घातलेल्या लुगड्याचा रंग मला दिसत होता. हिरवा. होडीने पाच-दहा मिनिटं, आणि रस्त्याने उलटं मागे जाऊन कर्ली नदीवरच्या पुलाने वळसा घालून परुळ्यावरून यायचं. आणि मी हसले. फार हसले. हे दोन तास बोलले नाहीत माझ्याशी, म्हणजे तुमचं माणगाव ते महाड आमचं देवबाग ते परुळे झालं होतं.

हे मी नवऱ्याला टोमणा मारायला वापर म्हणून सांगत नाहीये. मी उलटं सांगतेय. मला माहीत होतं तिथे खाडी आहे. माझं माहेर मालवण तालुक्यातलं, मला ठाऊक नसेल? मी मुद्दाम गप्प बसले होते, चुकू दे त्यांना म्हणून. आणि आता तुझ्याकडे येते.

शीट त्याने तुला शेअर केली. एडिट करायला दिली. हे तूच लिहिलंयस. आणि तू त्यात एक अक्षर टाकलं नाहीस. "मी त्यात काय लिहिणार." अगं, तुला कुठे जायचंय ते लिहिणार! तीन पानी पत्रात तुला काय बघायचंय, काय खायचंय, कुठे नुसतं लोळायचंय ह्याचं एक नाव नाही. तो सगळं ठरवतो हे खरं असेल पण रिकाम्या जागा बघून माणूस भरतोच. मला तर त्या चहाच्या १५ मिनिटांचीच दया आली, त्याने तुझ्यासाठीच ठेवली असणार ती, तुला गाडी लागते म्हणून. तू ते त्याच्या नावावर गुन्हा म्हणून मांडलंस.

तेव्हा आज रात्री ती शीट उघड आणि एक नवीन पान कर त्यात, त्याचं जुनं पुसू नको. मी तुला माल देते, त्यातून तुझं तू निवड.

रत्नागिरीत थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी पकडून १८८६ साली इथे आणून ठेवलं, राजवाडा बांधून दिला तो कधी तर १९१० च्या सुमाराला, आणि १९१६ साली तो इथेच गेला. तीस वर्षं राजा-राणी त्या समुद्राकडे बघत बसले, कुठे जायची परवानगी नाही. लांबच्या पल्ल्याचा हट्ट असलेल्या नवऱ्याला तिथे जरूर ने. पावसला स्वामींचा मठ, शांत असतो. मग कशेळी. कनकादित्य म्हणजे सूर्याचं देऊळ आहे, लाकडी कोरीवकाम बघ, आणि जवळच देवघळीला कड्यावरून समुद्र. कशेळीच्या सड्यावर जमिनीत खोदलेली कातळशिल्पं आहेत, एक अख्खा हत्ती आहे नि त्याच्या पोटात बाकीचे प्राणी भरलेत. ही रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सकाळी किंवा उन्हं कलली की जा, भर दुपारी बारीक रेषा दिसत नाहीत आणि तळवे भाजतात ते वेगळं. दगडावर चप्पल घालून चालू नका.

तिथून जैतापूरच्या पुलावरून खाली विजयदुर्ग. किल्ला मोठा आहे, दोन तास हवेतच. १८६८ च्या ऑगस्टमध्ये खग्रास सूर्यग्रहण झालं तेव्हा दुर्बिणी लावायला केलेले ओटे तिथे दाखवतात, साहेबाचे ओटे म्हणतात त्यांना. हेलियमचा शोध लॉकियर साहेबाने इथेच लावला असंही तुम्हाला ठासून सांगतील. खरं तर लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता, त्याला ती रेषा ऑक्टोबरात तिथूनच दिसली, आणि ग्रहण बघायला आलेला फ्रेंच जान्सेन गुंटूरला होता. पण सांगणाऱ्याशी वाद घालू नका, तो प्रेमाने सांगत असतो, आणि तुमच्या दोघांत आधीच वाद कमी आहेत का.

देवगडला पवनचक्क्या, किल्ला, आणि एक सूचना: डिसेंबरात कुणी "देवगड हापूस" विकत असेल तर घेऊ नका. त्या दिवसांत झाडावर मोहोर असतो. काच खाली करून चाललात तर त्याचा वास येतो गाडीत, तो फुकट आहे. कुणकेश्वरचं देऊळ अगदी समुद्राला टेकलेलं. मग आचरा, आणि तोंडवळी-तळाशील. तळाशील पण देवबागसारखंच आहे, एका बाजूला गड नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, फक्त तिथे गर्दी नाही. तुला नुसतं लोळायचं असेल तर तिथे लोळ, एक दिवस आणि एक रात्र, कुठेही न जाता. हे शीटमध्ये तसंच लिही: "लोळणे, २४ तास". बघू तो काय कॉमेंट टाकतो.

मालवण म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला आलाच, १६६४ ते १६६७ बांधकाम, कुरटे बेटावर, खारट पाण्याच्या मधोमध आत गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. लहानपणी मी ह्या तिन्ही नावांवर फसले होते, प्रत्येकीचं पाणी चाखून बघितलं, सगळं पाणीच. होडीत लाइफ जॅकेट देत नसतील तर चढू नका, स्कुबाचं तर डबल. पण ३१ डिसेंबरला तारकर्ली म्हणजे सहा वाजताचं दादर, हे ध्यानात ठेव. रूमचे भाव वाढलेले, पार्किंगवरून हाणामाऱ्या, किनाऱ्यावर गाण्यांचे डबे. सुट्टी सरकत असेल तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात न्या. मोहोर अजून असेल, थंडी असेल, खोल्या मिळतील. सरकत नसेल तर ते दोन दिवस तारकर्ली सोडून खाली सटका. आंगणेवाडीची जत्रा कधी आहे ते मात्र आधी बघून ठेवा, तिची तारीख पंचांगात मिळत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि त्या दिवशी मालवणकडे जाणारा एकही रस्ता तुमचा नसतो.

खाली म्हणजे भोगवे, निवती, खवणे. माझ्या मते ह्या अख्ख्या प्रवासातला सगळ्यात देखणा तुकडा हाच, आणि ह्याच तुकड्यात तू चालव. निवतीच्या किल्ल्यावर फार काही उरलेलं नाही पण वरून भोगव्याची वाळू दिसते ती कुठल्याही केरळला भारी आहे. गाडी वाळूत घालायची नाही हं! दर सीझनला कुणाची तरी एसयूव्ही भरतीत बुडते आणि गावातली पोरं ट्रॅक्टर घेऊन येतात.

वेंगुर्ल्याला डचांच्या जुन्या वखारीचे अवशेष आहेत, मार्केट बघण्यासारखं आहे, आणि मांडवीच्या खाडीत बचतगटाच्या बायका होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. तो फेरफटका नवऱ्याला आवर्जून करायला लाव. बाई वल्हवतेय आणि आपण पुढे गप बसून खेकडे बघतोय, ह्याची प्रॅक्टिस होईल. आरवलीचा वेतोबा, त्याला केळ्यांचे घड नि भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि झिजतात. शिरोड्याला मिठागरं, १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथेही झाला होता. रेडीला खाणीत सापडलेला दोन हातांचा गणपती, १९७६ सालचा. पुढे तेरेखोलचा किल्ला, जमीन महाराष्ट्राला चिकटलेली पण राज्य गोव्याचं. तिथून पलीकडे केरीला फेरीबोट जाते, गाडी चढवता येते. गोव्यात शिरायचं तर शिरा, नाहीतर तिथेच चहा पिऊन मागे फिरा. येताना डिकीत बाटल्या भरून आणू नका, नाक्यावर तपासतात.

आणि एक रात्र दशावतार बघा. थंडीत गावोगावच्या जत्रांना असतो, ज्या गावात मुक्काम असेल तिथे जेवणाच्या वेळी विचारायचं, "आज खय नाटक आसा?" घरमालकच घेऊन जातील. जेवून बिवून अकराला जायचं, त्याच्या आधी काही नसतं. देवळासमोर मांडव, एक पेटीवाला, पखवाज, झांज, बसायला एक बाकडं तेच सिंहासन आणि तेच अरण्य. लुगडं नेसून आलेला पुरुष इतका बाईसारखा रडतो की माझ्या शेजारची खरी बाई पदराने डोळे पुसत होती, आणि मग दीडच्या सुमाराला तोच माणूस मांडवाच्या मागे विडी ओढताना दिसला, पायात स्लीपर. पोरं चटईवर झोपलेली असतात. बाहेर खाज्याच्या दुकानांवर ढीग, गुळात घोळलेलं, आल्याचा वास. एवढ्यासाठी दुसऱ्या दिवशी उशिरा उठावं लागेल, तर शीटमध्ये तसं लिही.

खाण्याचं मी सांगत बसत नाही, पोट आहे तुम्हाला. फक्त हॉटेलपेक्षा घरगुती खानावळीत जेवा आणि सकाळी सांगून ठेवा, म्हणजे बाजारात आलेला ताजा मासा येतो ताटात. मेनूकार्डावरचा बर्फातून येतो. तू खात नसलीस तर काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबोळ्या मागून घे.

राहिली आत्या. ह्यात नवऱ्याला मध्ये घालू नको, तू स्वतः फोन कर. "मुक्काम जमत नाही" अशी सुरुवात केलीस तर मेलीस. "आत्या, परत येताना अमुक दिवशी दुपारी जेवायला येतोय, मला तुमच्या हातचे शिरवाळे खायचेत, नारळाच्या रसातले," असं सांग. शिरवाळे करणं म्हणजे घरभर काम, साचा काढायचा, दाबायला माणूस लागतो, त्या आदल्या दिवसापासून त्यातच असतील, मुक्कामाचा विषय निघणारच नाही. कुडाळ हायवेवरच आहे, परतीच्या वाटेत येतं. जाताना गेलात तर मात्र पहिल्याच दिवशी अडकलात, म्हणून येताना. डिकीत थोडी जागा ठेवा, कुळथाचं पीठ, कोकमं आणि दोन सोललेले नारळ घेतल्याशिवाय ती सोडायची नाही, नको म्हणायचं नसतं.

आता तू म्हणशील कन्याकुमारीचं त्याला कसं सांगू. आपलं नवीन पान आधी भर, सांगू नकोस, नुसतं भर. मग त्याला म्हण, मी काहीतरी लिहिलंय बघ. एक्सेलवाल्या माणसाला दुसऱ्या कुणीतरी शीट भरलेली बघून जो आनंद होतो तो तू अजून बघितलेला नाहीस. कन्याकुमारी त्याला ट्रेनने कर म्हणावं पुढच्या वर्षी, तेव्हा खिडकी तुझी.

आणि पिलरचं. तो ओरखडा अजून दारावर असेल तर ट्रिपच्या आधी पेंट करून घेऊ नका. मालवणच्या बाजाराच्या गल्लीत पहिल्याच दिवशी त्याच्या शेजारी दुसरा पडणार आहे, आणि दुपारनंतर म्हणजे त्याच्या हातून.

– मावशी

ता. क. हे आत्ता चहा घेऊन आले नि म्हणतात, देवबागचं लिहिलंस ते ठीक आहे पण होडीत गाडी चढवता आली असती हे पण लिही. नसती आली.